कौल

चाळीस वर्षं फुसाए हेच करत आली:
फेब्रुवारीत, बोटं बधिर असताना,
ओकच्या ओंडक्यांना ड्रिलनं भोकं पाडायची,
भोकाभोकात बियाण्याची खुंटी ठोकायची,
आणि ओइताच्या डोंगरउतारावर, देवदारांच्या सावलीत
ओंडके तिरके उभे करून
दोन उन्हाळे वाट बघायची.

नाहीच उगवलं, तर हातोडीनं दोन ठोके.
लाकूड जागं होतं, सासू सांगायची,
वीज कडाडल्यासारखं वाटतं त्याला.
मग शिइताके यायची, जाड, टोपीला तडे गेलेली,
तिच्याच पैशावर धाकटा शिकला, फुकुओकाला गेला.

आणि ती दुसरी.
न लावता येणारी.
सालीला धरून थरावर थर,
पातळ, चिवट, चामड्यासारखी,
राखाडी, तपकिरी, मग काठाला पांढरी रेघ.
कावाराताके. कौल-अळंबी.
छपरावरच्या कौलांसारखी एकमेकींवर चढलेली.
इवाओ तिला म्हणायचा, भाडेबुडवी.
तिनं धरलेला ओंडका वेगळा काढायचा,
ओढ्यापलीकडच्या ढिगात टाकायचा,
नाहीतर पसरते.

हाच शब्द बेप्पूच्या हॉस्पिटलात पुन्हा भेटला.
डॉक्टर काजिवारा, लेकीच्या वयाची,
पडद्यावर पेन टेकवून म्हणाली,
डाव्या बाजूला. काखेतल्या दोन गाठींपर्यंत
पसरलंय.
फुसाएनं विचारलं, मग ओंडका वेगळा काढणार ना?
डॉक्टरला वाटलं, बाई गोंधळल्यात.

काढला.
मग सलाईनच्या थेंबांचे महिने,
जिभेवर गंजलेल्या खिळ्याची चव,
उशीवर केस,
भाताचा वास आला तरी मळमळ.

एका रविवारी नणंद आली,
रेशमी रुमालात बांधलेला डबा घेऊन.
सोनेरी अक्षरं, आत तपकिरी भुकटी,
बारा हजार येन.
इवाओनं डबा फिरवला, चष्मा लावला,
मागचं बारीक अक्षर वाचलं, परत वाचलं,
आणि इतका हसला की खोकला लागला.
कावाराताके!
अगं, चाळीस वर्षांत किती लाख येन
आपण ओढ्यापलीकडे भिरकावले!
मग तो हसायचा थांबला.
फुसाए डब्याचं झाकण लावत होती
आणि ते लागत नव्हतं.

डॉक्टरनं डबा हातात घेतला. फेकून नाही दिला.
म्हणाली, हिच्यातल्या अर्काचा अभ्यास झालाय, चालूही आहे.
प्रतिकाराच्या पेशी जाग्या होतात असं दिसतं.
जाग्या होऊन किती लढतात,
तुमच्यासारख्या गाठीत किती कामाला येतात,
ते ठामपणे सांगण्याइतकं माझ्याकडे काही नाही.
औषधाऐवजी कधीच नाही.
औषधासोबतसुद्धा मला न विचारता नाही,
पुढच्या रक्ताचे आकडे येऊ देत,
मग बघू.

ना उजवा, ना डावा.
फुसाएला बरं वाटलं उलट.
नणंदेचा आवाज फार ठाम होता,
आणि ठाम बोलणाऱ्या बियाणेवाल्यानं
एका साली त्यांना सहाशे ओंडक्यांना बुडवलं होतं.

नोव्हेंबरात ती एकटीच ओढा ओलांडून गेली,
डोक्याला टॉवेल, डावा हात अजून पुरता न उचलणारा.
ढीग कुठे होता ते ओळखू येईना.
चाळीस वर्षांचं टाकाऊ लाकूड
तळापासून शेंड्यापर्यंत शाकारलेलं,
हजारो कौलं,
आणि त्या छपराखाली घर नाही, माणूस नाही,
नुसतं भुसभुशीत होत चाललेलं लाकूड.
तिला वाटलं होतं, राग येईल.
किंवा हात जोडावेसे वाटतील.
तिनं एका काठावरून बोट फिरवलं.
मांजराच्या कानासारखं मऊ होतं.
मग आतल्या ओंडक्यावर बोटाच्या पेरानं,
सवयीनं, दोन ठोके.

एवढ्या थंडीत काय करतेस तिथे?
पलीकडून इवाओ ओरडला.

भाडं मागायला आले होते!

मग? काय म्हणाली?

ओढ्याला पाणी कमी होतं, दगड उघडे.
ती पहिल्या दगडावर पाय ठेवून थांबली,
तोल सापडेपर्यंत.

पुढच्या महिन्यात बघू, म्हणाली.